जेटी, क्लोराइड आणि ‘पर्मिएट’

इंग्रजी तांत्रिक अहवालांची भाषा तपासून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्यातील बहुतेक वेळ व्याकरणात जात असेल असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो जातो लेखकाने एकाच गोष्टीला दिलेली निरनिराळी नावे हुडकण्यात. कोकण किनाऱ्यावरील एका जेटीच्या पाहणी अहवालाने मात्र या कामात मला अख्खा दिवस अडवून ठेवले.

समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळयांपर्यंत पोहोचले आणि सळया गंजू लागल्या, एवढाच मुद्दा होता. तो सांगताना ज्येष्ठ अभियंत्यांनी एका पानात ‘पर्मिएट’, ‘परव्हेड’, ‘सफ्यूज’ आणि ‘इम्ब्यू’ असे चार शब्द वापरले होते, कारण एकच शब्द पुन्हा आला तर भाषा दरिद्री दिसते ही शाळेतील निबंधाची शिकवण आपल्याकडे निवृत्तीपर्यंत पुरते. ‘सफ्यूज’ शोभतो तो मावळतीच्या आकाशाला किंवा लाजलेल्या चेहऱ्याला, ‘इम्ब्यू’ करायचे ते मूल्यांनी, आणि ‘परव्हेड’ करतो तो दर्प किंवा भीती. हे तिन्ही मी खोडले, त्यावर वाद झाला नाही.

अडले ते ‘पर्मिएट’पाशी. कोशाप्रमाणे तो निर्दोष आहे: सच्छिद्र पदार्थातून झिरपत सर्वत्र पसरणे. काँक्रीटच्या शास्त्रात मात्र पर्मिएशन म्हणजे दाबातील फरकामुळे होणारा प्रवाह, ज्याचा नियम फ्रेंच अभियंता दार्सीने १८५६ मध्ये वाळूच्या थरातून जाणाऱ्या पाण्यावरून मांडला. क्षार जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे आयन, म्हणजे क्षाराचे विद्युतभारित कण, सरकतात ते डिफ्यूजन. तो नियम जर्मन शास्त्रज्ञ फिकचा, १८५५ चा. वाळलेले काँक्रीट केशाकर्षणाने खारे पाणी ओढून घेते ते शोषण, ते तिसरेच.

“मॅडम, अहो चाचणीचं नावच रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी टेस्ट आहे,” अभियंते फोनवर म्हणाले, आणि माझा राग त्यांच्यावरून त्यांच्या सगळ्या पेशावर गेला. त्या चाचणीत ५० मिलिमीटर जाडीच्या चकतीला सहा तास ६० व्होल्ट लावून तिच्यातून गेलेला विद्युतभार कूलंबमध्ये मोजतात. दाबाखालच्या प्रवाहाचा तिथे संबंधच नाही. या चाचणीच्या एएसटीएम सी १२०२ या अमेरिकी मानकाच्या शीर्षकातही पर्मिएबिलिटी नव्हे, ‘पेनिट्रेशन’ (आत शिरणे) आहे. तरीही प्रयोगशाळांच्या दरपत्रकांपासून निविदांपर्यंत जुनेच नाव चालते, आणि भाषा सुधारायची ती आम्ही.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खांब रोज भिजतात आणि वाळतात, त्यामुळे तिथे शोषण आणि डिफ्यूजन दोन्ही चालू असतात. म्हणून मी ‘इनग्रेस’ (शिरकाव) सुचवला, कारण तो कारणाविषयी काहीच बोलत नाही. “पण हा शब्द शिरलं एवढंच सांगतो, सळईपर्यंत सगळीकडे पसरलं हे कुठे आलं?” हा त्यांचा आक्षेप रास्त होता. शेवटी पसरण्याचे ओझे शब्दावरून काढून, वेगवेगळ्या खोलीवर ड्रिल करून घेतलेल्या भुकटीतील क्लोराइडच्या तक्त्यावर टाकले.

सारांशात मात्र त्यांनी ‘पर्मिएट’ ठेवला, कारण अधिकारी तेवढेच पान वाचतात. मीही तो राहू दिला. दुरुस्तीचा सल्लागार दोन्ही पाने वाचेल, आणि सारांशावरून त्याने पाण्याच्या दाबाखालची चाचणी मागवली, तर ती इथे गैरलागू आहे हे त्याला कोणी सांगायचे, हे आमच्यात ठरलेले नाही.