पात्र कुणाचं? एका अमेरिकन कॉमिकच्या करारातून जाताना

अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशकाकडून कराराचा मसुदा आला, तेव्हा आमच्या पहिल्या अंकाची सगळी पानं पेन्सिलमध्ये तयार होती. लेखक ओहायोत, मी पुण्यात. त्यानं मला सुरुवातीला पाठवलं होतं ते एवढंच: रात्रपाळीला अँब्युलन्स चालवणारी एक बाई, जिला समोरच्याचा शेवटचा तास आधीच दिसतो. तिचं वय, तिचे रुंद खांदे, जाकिटावरचे उजेड पडला की चमकणारे पट्टे, ते दृश्य दिसायला लागलं की पानावरच्या चौकटी कशा कलंडतात, हे सगळं माझ्या टेबलावर ठरलं. मसुद्यात मात्र लेखक हा ‘निर्माता’ होता आणि माझं काम ‘वर्क मेड फॉर हायर’, म्हणजे मोबदला देऊन करवून घेतलेलं, होतं. सही करून परत पाठवायला आठवडाभराची मुदत दिलेली.

आपल्याकडचे पुष्कळ चित्रकार हल्ली घरबसल्या परदेशी प्रकाशकांची कामं करतात. पेन्सिल, इंकिंग, रंग, लेटरिंग, सगळंच. करार आला की बहुतेक जण पानाचा दर बघतात आणि सही करतात. मी का थांबले आणि पुढे काय काय झालं, ते त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेचा 1976 चा कॉपीराइट कायदा 1978 पासून लागू झाला. एखादं काम ‘वर्क फॉर हायर’ ठरलं, तर त्या कायद्याच्या नजरेत त्याचा कर्ता म्हणजे काम करवून घेणारी कंपनी. हात माझा, पण कर्ती मी नाही. हक्क विकणं ही निराळी गोष्ट. विकलेला हक्क 35 वर्षांनी परत मागता येतो, त्यासाठी किमान दोन वर्षं आधी नोटीस द्यावी लागते, आणि चित्रकार हयात नसेल तर त्याचा जोडीदार आणि मुलं ती देऊ शकतात. 1978 च्या आधी विकलेल्या जुन्या हक्कांसाठी ही मुदत 56 वर्षांची आहे. ‘वर्क फॉर हायर’ला यातलं काहीच लागू नाही, कारण जे कायद्यानं कधी तुमचं नव्हतंच ते परत कसं मागणार?

हे मला ठाऊक होतं ते वकिलांमुळे नाही. कॉमिक्स वाचता वाचता ती काढणाऱ्यांची आयुष्यं वाचायची सवय लागली, त्यातून समजलं. सुपरमॅनच्या चेकचं छायाचित्र या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा नीट बघावं असं मला मनापासून वाटतं. मार्च 1938 चा चेक, 412 डॉलरचा. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांच्या नावे. त्यातले 130 डॉलर सुपरमॅनचे: 13 पानं, पानाला 10 डॉलर. बाकीची रक्कम दुसऱ्या कामांची. चेकवर दोघांच्याही आडनावांचं स्पेलिंग चुकलेलं आहे. त्या 130 डॉलरबरोबर पात्रही गेलं, कायमचं. हाच कागद 2012 मध्ये लिलावात 1,60,000 डॉलरला विकला गेला.

1947 मध्ये दोघं सुपरमॅनच्या प्रकाशक कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सुमारे 94,000 डॉलरवर तडजोड झाली आणि त्यानंतर सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावंच काढून टाकण्यात आली. शूस्टरची नजर अधू होत गेली, चित्र काढणं सुटलं. सीगल कारकून-टायपिस्टची नोकरी करायला लागला. 1975 मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा येतोय हे कळल्यावर सीगलनं वर्तमानपत्रांना एक लांबलचक, संतापानं भरलेलं पत्रक पाठवलं. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी ते प्रकरण उचलून धरलं, पत्रकारांच्या दारोदार फिरले, आणि त्या डिसेंबरात कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर आणि नाव परत द्यायचं कबूल केलं. हक्क मात्र मिळाले नाहीत. वारसांनी पुढे बरीच वर्षं दावे लढवले, आणि 2013 मध्ये अपील कोर्टात निकाल कंपनीच्या बाजूनं लागला.

यातून मी माझ्यापुरतं एक ठरवलं होतं. श्रेय आणि हक्क यांची गल्लत करायची नाही, दोन्ही वेगवेगळी मागायची. श्रेय कधीकधी लोकलाजेनं मिळतं, तेही म्हातारपणी. हक्क कागदावर नसेल तर कोर्टही तुम्हाला देऊ शकत नाही.

म्हणून प्रकाशकाला उत्तर द्यायच्या आधी मी लेखकाशी बोलायचं ठरवलं. सगळ्यात अवघड भाग हाच होता. प्रकाशकाशी भांडता येतं, मित्राशी नाही. तो सज्जन माणूस आहे आणि ‘निर्माता’ हा उल्लेख त्यानं मागितलेलाही नव्हता, प्रकाशकाच्या ठरलेल्या नमुन्यात तो तसा होता. पण व्हिडिओ कॉलवर विषय काढला तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “कल्पना तर माझीच होती ना?”

मी त्याला बिल फिंगरबद्दल सांगितलं. 1939 मध्ये चित्रकार बॉब केननं एका नव्या नायकाचं, बॅटमॅनचं, चित्र काढलं: लाल पोशाख, डोळ्यांवर छोटा मुखवटा, पाठीला ताठ पंख. फिंगर हा केननं नेमलेला लेखक. त्यानं सुचवलं की पंखांऐवजी लहरणारी केप असू दे, पूर्ण डोकं झाकणारं, टोकदार कानांचं शिरस्त्राण असू दे, हातमोजे असू देत, लाल रंग काढून करडा घे. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27 व्या अंकातली पहिली कथाही फिंगरनंच लिहिली. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम शहर हे नावही त्याचं. पण केननं कंपनीशी असा करार केला होता की निर्माता म्हणून नाव फक्त त्याचं लागेल. 1965 मध्ये फिंगरनं चाहत्यांपुढे आपला वाटा सांगितला, तेव्हा केननं जाहीर पत्र लिहून तो फेटाळला. फिंगर 1974 मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात, हलाखीत वारला. सांगत होते आणि माझाच आवाज चढत होता. केननं पुढे आत्मचरित्रात हळहळ व्यक्त केली, पण तोवर फिंगर जाऊन 15 वर्षं झाली होती.

फिंगरचं नाव लागलं ते 2015 मध्ये. मार्क टायलर नोबलमन या लेखकानं त्याच्या आयुष्याचा पाठपुरावा केला, त्याची नात अथीना हिला शोधून काढलं, आणि तिनं आपला हक्क मांडल्यावर बॅटमॅनची प्रकाशक कंपनी डीसीनं श्रेय द्यायला मान्यता दिली. आता सिनेमात ओळ येते ती अशी: बॅटमॅनची निर्मिती बॉब केन यांची, बिल फिंगर यांच्यासह. 76 वर्षांनी आलेलं ते ‘यांच्यासह’ मला आजही टोचतं.

मग मी स्क्रीनवर आमच्या बाईचं पहिलं डिझाइन पान उघडलं आणि त्याला म्हटलं, “तुझ्या ओळी बाजूला ठेव आणि ही बाई पुसून टाक. काय उरतं?” तो म्हणाला, “एक चांगली कल्पना.” “आणि तुझी ओळ काढून टाकली तर?” “जाकीट घातलेली बाई.” आम्ही दोघांनी त्याच दिवशी एक साधा कागद लिहायला घेतला. निर्मितीच्या ओळीत दोघांची नावं, सारख्याच आकाराच्या अक्षरांत, प्रत्येक आवृत्तीत आणि पुढे सिनेमा-मालिका झाली तर तिथेही. मालकी निम्मी-निम्मी. दोघांपैकी एक जण बाहेर पडला तर दुसऱ्याला पुढचे अंक काढता येतील, पण पात्राच्या मिळकतीतला वाटा थांबणार नाही. दोघांनी सह्या केल्या, तारीख घातली, आणि मगच प्रकाशकाकडे वळलो.

प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार लांबला. मुंबईची माझी एक वकील मैत्रीण मसुदा वाचून म्हणाली की भारतीय कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यावरही कर्ता म्हणून नाव सांगायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो, पण या करारात तो अधिकार जगभर सोडून दिल्याचं कलम आहे आणि करार न्यूयॉर्कच्या कायद्याखाली आहे. तेव्हा तिथला वकील गाठणं भाग होतं. फी लेखकानं आणि मी वाटून घेतली. तो खर्च टाळायची इच्छा होते, पण टाळू नका.

आमची पहिली मागणी ‘वर्क फॉर हायर’ काढून मर्यादित मुदतीचा परवाना द्यायची. प्रकाशकाचं म्हणणं असं की त्यांच्या सगळ्याच पुस्तकांना हाच नमुना आहे. वकिलानं त्यांना चित्रकार जॅक कर्बीची आठवण करून दिली. कर्बी कुणाचा नोकर नव्हता. लाँग आयलंडच्या घरातल्या तळघरात, स्वतःच्या टेबलावर बसून त्यानं फँटास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन यांची पानं काढली. मार्व्हल या कॉमिक कंपनीचा लेखक-संपादक स्टॅन ली बऱ्याचदा कथेचा जुजबी आराखडा द्यायचा, प्रसंग कर्बी चित्रांतच रचायचा, संवाद नंतर भरले जायचे. मार्व्हलच्या चेकच्या पाठीमागे हक्क सोडल्याचा मजकूर छापलेला असायचा, त्याखाली सही केल्याशिवाय पैसे मिळत नसत. 2009 मध्ये कर्बीच्या मुलांनी 45 नोटिसा पाठवून हक्क परत मागितले. 2011 मध्ये आणि पुन्हा अपिलात 2013 मध्ये कोर्टानं सांगितलं की हे काम मार्व्हलच्या सांगण्यावरून आणि मार्व्हलच्या खर्चानं झालं, म्हणून ते वर्क फॉर हायर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभं असताना सप्टेंबर 2014 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली, आणि त्यानंतर मार्व्हलच्या अंकांत कर्बीचं नाव मानानं यायला लागलं. कर्बी 1994 मध्येच गेला होता.

आमच्या बाबतीत मुद्दा सरळ होता. डिझाइन आणि पहिली पानं प्रकाशक भेटायच्या आधी झाली होती, कुणाच्याही सांगण्यावरून नाही आणि कुणाच्याही खर्चानं नाही. माझ्या फाइलींवरच्या तारखा आणि लेखकाशी झालेले ईमेल आम्ही जोडले. त्यापुढे प्रकाशकाला फार ताणता आलं नाही. आता करार परवान्याचा आहे. पुस्तक ठरावीक काळ छपाईबाहेर राहिलं तर हक्क आमच्याकडे परत येतात.

मूळ पानांचं कलम मी स्वतः सुचवलं. ऐंशीच्या दशकात मार्व्हल चित्रकारांना जुनी पानं परत देत होती, तेव्हा इतरांपुढे छोटा कागद आणि कर्बीपुढे चार पानी करारनामा ठेवला होता. हजारो पानं काढलेल्या माणसाला आधी 88 पानं देऊ केली गेली. अनेक चित्रकार त्याच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा 1987 मध्ये दोन हजारांच्या आसपास पानं परत आली. मी अजून कागदावर पेन्सिलनंच काढते, त्यामुळे पानं माझी राहतील हे लिहून घेतलं. हे मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.

सगळंच मिळालं असं नाही. सिनेमा किंवा मालिकेच्या बोलणीत पहिला मान प्रकाशकाचा राहिला, आणि टी-शर्ट, बाहुल्यांमधला आमचा वाटा मागितल्यापेक्षा कमी आहे. मला तो कमी वाटतो, आणि पुढच्या नूतनीकरणात पुन्हा मागणार आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. कर कापण्यासाठी डब्ल्यू-8 बेन नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो, त्यात पॅन क्रमांक घालायचा आणि भारत-अमेरिका कर कराराचा उल्लेख करायचा. रॉयल्टीवर त्यानुसार 15 टक्के कापले जातात, आणि त्या करापोटी इथल्या विवरणपत्रात सवलत मागता येते. हे काम सीएकडून करून घ्यावं.

हे सगळं झाल्यावर रंगकर्ती कामात आली, कोल्हापूरची. तिनं जाकिटाचा मी मनात धरलेला निळा रंग काढून गंजासारखा तांबूस घेतला, आणि तो एका नजरेत बरोबर होता. आता वाचकाच्या डोळ्यांत ती बाई त्याच रंगाची राहणार. फिंगरनं सुचवलेला करडा रंग माझ्या डोक्यात होताच. शिवाय बॅटमॅनचा शत्रू जोकर याचं उदाहरण होतं. सीगल-शूस्टरसाठी लढलेला जेरी रॉबिन्सन म्हणायचा की पत्त्यातल्या जोकरचं चित्र आपण काढलं, फिंगरनं मूकपटातल्या कॉनराड फाइट या अभिनेत्याचा फोटो आणला होता, आणि केन म्हणायचा की पात्र त्याचं आणि फिंगरचं. तिघंही गेले, पण त्याचा निकाल कुणी लावू शकलं नाही.

निर्मितीच्या ओळीत तिचं नाव असावं का, यावर लेखकाचं आणि माझं एकमत झालं नाही. माझ्या मते असावं. त्याच्या मते रंग हा अंकाचा भाग, पात्राचा नाही. शेवटी ठरलं ते असं की मुखपृष्ठावर तिचं नाव आमच्या नावांशेजारी येईल आणि जाकीट जिथे जिथे विकलं जाईल, त्या मिळकतीत तिचा ठरलेला वाटा असेल. त्याचा पुरवणी करार तिच्या सहीसह प्रकाशकाकडे गेला आहे. त्यांचं उत्तर यायचंय, आणि ते आल्याशिवाय मुखपृष्ठाची फाइल छपाईला द्यायची नाही, यावर आम्ही तिघंही ठाम आहोत.