सूर्यफुलांकडे पाठ फिरवून

लंडनचे पहिले तीन दिवस राजवाडा, पूल आणि भाचीच्या घरची खिचडी यांत गेले. त्यांतलं एकच सांगतो. डाउटी स्ट्रीटवरच्या, इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या घरात त्याचं लिहायचं टेबल आणि खुर्ची पाहिली. खरं सांगायचं तर घाईघाईत.

चौथ्या दिवशी नॅशनल गॅलरी. फुकट, त्यामुळे तोबा गर्दी. व्हॅन गॉगची सूर्यफुलं मला दिसली ती पुढच्या बाईंच्या मोबाईलवर. पंढरपूरला दर्शनाला निदान बारी तरी असते! वैतागून बाजूला झालो (मोबाईल आधी मीही उंचावला होताच), तर त्याचं ते खुर्चीचं चित्र. गवती बैठकीवर पाइप आणि तंबाखूची उघडी पुडी, खाली लाल फरशी. समोर चिटपाखरू नाही.

आणि कालची खुर्ची आठवली.

9 जून 1870 ला डिकन्स गेला. त्याच्या शेवटच्या, अपुऱ्या कादंबरीची चित्रं ल्यूक फिल्ड्स काढत होता. त्यानं डिकन्सच्या शेवटच्या, गॅड्स हिलच्या घरातली अभ्यासिका रेखाटली: टेबल, मागे सरकवलेली खुर्ची, माणूस नाही. 'द ग्राफिक' या साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या नाताळ अंकात ते चित्र आलं. 1882 मध्ये व्हॅन गॉग भावाला त्याच चित्राबद्दल लिहितो आणि 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्लला स्वतःची रिकामी खुर्ची रंगवतो. विशीत तो इथंच चित्रविक्रेत्यांकडे नोकरीला होता. दर आठवड्याला छापखान्याच्या खिडकीत नवा अंक बघायला जायचा. पुढे हेगमध्ये 'ग्राफिक'चे दहा वर्षांचे खंड घेऊन त्यातली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवत बसला. आपण ज्याला रद्दी म्हणतो, तीच त्याची चित्रशाळा.

बाहेर पडून सेसिल कोर्टच्या गल्लीत गेलो. जुन्या पुस्तकांची, छापील चित्रांची दुकानं. बारा पाउंडांत अशाच एका साप्ताहिकाचं सुटं पान घेतलं, थेम्सवरच्या हमालांचं. भाची म्हणाली, "मामा, एवढ्यात आपण सगळे जेवलो असतो!"

रात्री दिव्याखाली पान धरलं. चित्राच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ. तेव्हा फोटो मजकुराबरोबर छापता येत नसत, म्हणून चित्र लाकडात कोरायचे. बॉक्सवुड या टणक लाकडाचे ठोकळे लहान, म्हणून बोल्टनं जोडायचे. अंकाची घाई असली की सुटे करून एकेक ठोकळा एकेका कारागिराला. सांधा नीट बसला नाही की ही रेघ. तिच्या डावीकडच्या हमालाच्या दंडावरचे काप बारीक, दाट. उजवीकडे त्याच दंडावर जाड आणि विरळ. दुसऱ्या माणसाचा हात.