गेटबाहेरचा वेळ

ड्रायव्हरचा फोन आला की पहिल्या 'हॅलो'वरून मला कळतं, गाडी चालू आहे की अडकली आहे. चालत्या गाडीतला माणूस ओरडून बोलतो. अडकलेला हळू बोलतो, आणि त्याच्यामागे कपबश्यांचा आवाज असतो.

"ताई, अजून गेटवरच हावो."

नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडवर, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, फाडते आणि भाड्याचे हिशेब ठेवते. हे वाक्य मी रोज ऐकते. कधी हिंगण्याहून, कधी बुटीबोरीहून, कधी पार हैदराबादकडून.

गंमत अशी की मी नोकरीला लागले तेव्हापासून ट्रकच्या वाटेतले अडथळे एकेक करून निघूनच गेले. तेव्हा नागपुरात जकात होती, नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागायच्या. २०१३ साली ती गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. टोलवर सुट्ट्या पैशांवरून व्हायची ती भांडणं फास्टॅगने मिटवली. समृद्धी झाली, ७०१ किलोमीटरची, पार मुंबईपर्यंत. आणि नागपूर तर काय, श्रीनगर-कन्याकुमारी आणि हजिरा-पारादीप हे दोन्ही महामार्ग आमच्याच गावावरून जातात. म्हणजे ट्रकने पळायचं म्हटलं तर चारी दिशा मोकळ्या. एवढा पळत आलेला ट्रक शेवटी एका लोखंडी गेटसमोर येतो, आतून पंचविशीतला एक पोरगा शिट्टी वाजवतो आणि म्हणतो, "बाजूला लावा."

मग बाजूला लावायची. किती वेळ, ते त्या पोरालाही माहीत नसतं.

आमच्या धंद्यात हाल्टिंग म्हणून एक प्रकार आहे. ठरल्यापेक्षा जास्त वेळ गाडी थांबवून ठेवली, की माल घेणाऱ्याने किंवा पाठवणाऱ्याने त्याचे पैसे द्यायचे. मी इमानेइतबारे हाल्टिंगचं बिल लावते आणि ते तितक्याच इमानेइतबारे परत येतं. सोबत गेटच्या रजिस्टरचा फोटो असतो. इन टाइम मंगळवार दुपारी चार, आउट टाइम मंगळवार रात्री आठ. चार तासांत मोकळी केली की गाडी, हाल्टिंग कसलं मागता? आता ती गाडी सोमवारी सकाळपासून भिंतीला लागून उभी होती, हे ड्रायव्हरला माहीत, टपरीवाल्याला माहीत, मला माहीत. रजिस्टरला माहीत नाही.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, तर आणखी निराळंच. दोनशे किलोमीटरला एक दिवस, अशी त्याची मुदत. शनिवारी दुपारी पोचलेल्या गाडीला गेटवर "आता सोमवारी" म्हणून सांगितलं, की इकडे माझा जीव टांगणीला लागतो. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, तेवढ्यात पोर्टलवर वाढवून घ्यायची. तिथे कारण निवडावं लागतं: नैसर्गिक आपत्ती, कायदा व सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत चढवणे, अपघात, इतर. 'गेटवरचा गार्ड' असा पर्याय नाही. मी दर वेळी 'इतर' निवडते, पण बोट नैसर्गिक आपत्तीवर घुटमळतं, हे खरं.

हे सगळं मी वाडीत पंख्याखाली बसून बोलायची. गेट प्रत्यक्षात पाहिलं ते एका डिसेंबरात, तेही एका शिक्क्यामुळे.

आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत. ऑफिसात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. बुटीबोरीच्या एका कारखान्यात माल द्यायला ते सकाळी दहा-वीसला पोचले. अकराला फोन. "ताई, थो म्हनते का बिल्टीवरचा शिक्का दिसून नाई राह्यला."

शिक्का होता. थोडा पुसट होता, कारण शाईचं पॅड वाळलं होतं आणि ते बदला म्हणून मी दिवाळीपासून सांगत होते. मी गार्डला फोनवर समजावलं. व्हॉट्सअॅपवर ठसठशीत शिक्क्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, "मॅडम, ओला शिक्का पाह्यजे."

शेठजींनी मला शिक्क्यासकट पाठवलं. पर्समध्ये रबरी शिक्का, नवं पॅड आणि डबा घेऊन दोन गाड्या बदलत मी बुटीबोरीला पोचले, तर गार्डने मलाच अडवलं. कोणाला भेटायचं? म्हटलं, बिल्टीला. त्याला विनोद आवडला नाही. शिक्का मी गेटच्या बाहेर, ट्रकच्या बंपरवर कागद ठेवून मारला. गार्डने त्यावर बोट फिरवलं, निळं झालेलं बोट पाहिलं आणि त्याचं समाधान झालं. वाटलं, सुटलो. मग त्याने खाली पाहिलं.

"सेफ्टी शूज?"

उस्तादांच्या पायात चप्पल होती. बहुतेक ड्रायव्हरांच्या असते. इंजिनाच्या धगीत बारा-चौदा तास बूट घालून बसायचं म्हणजे पाय शिजवायचे.

पण उस्ताद जराही बिचकले नाहीत. ते मला घेऊन समोरच्या टपरीवर गेले. चहा, खर्रा, आलूबोंडा, आणि बाजूच्या खांबाला खिळ्यावर लेसने टांगलेले तीन जोड बूट. टपरी चालवणाऱ्या काकूंनी न विचारताच मधला जोड काढून दिला. भाडं वीस रुपये. मी विचारलं, आणि कोणी घालून तसाच निघून गेला तर? काकू म्हणाल्या, "जाईन कसा बाई? चप्पल आपल्यापाशी ठेवून घेतो न." लायसन गेटवर जमा, गाडीची चावी थोड्या वेळाने माल उतरवायच्या डॉकवर जमा होणार, चप्पल काकूंकडे. असा जागोजागी थोडा थोडा गहाण पडत माणूस आत जातो.

बूट नऊ नंबरचे होते. उस्तादांचा पाय सात. काकूंनी कालचा पेपर फाडून दोन बोळे दिले, ते उस्तादांनी पुढे टोकात सारले. त्या बुटांत तोवर किती पायांचा घाम जिरला असेल कोण जाणे. आतलं अस्तर काळं, चकचकीत झालं होतं, जुन्या पाटावरच्या लाकडासारखं. ते पायात अडकवून उस्ताद गेटपर्यंत गेले तेव्हा नदीच्या पाण्यातून चालल्यासारखे चालत होते. गार्डने बूट पाहिले, मान हलवली. उस्ताद केबिनमध्ये चढले आणि चढल्याबरोबर बूट काढून क्लीनरच्या मांडीवर ठेवले. एवढे मोठे बूट घालून ब्रेक दाबायला गेलं तर क्लचही दाबला जातो, असं त्यांचं म्हणणं. सेफ्टीसाठी घातलेले बूट सेफ्टीसाठीच काढावे लागले. गेट ते डॉक उस्तादांनी गाडी अनवाणी नेली.

त्याआधी रजिस्टर झालं. ते मी मुद्दाम वाकून पाहिलं, कारण माझी बिलं ज्याच्यावर डोकं आपटून परत येतात ते हेच. अकरा रकाने. एक रकाना 'कोणास भेटावयाचे' असा. वीस टन माल घेऊन आलेला माणूस कोणाला भेटणार? कोणी 'साहेब' लिहिलं होतं, कोणी 'स्टोअर', एकाने नुसतं 'हो'. उस्तादांनी सांगितलं, मागे एका ड्रायव्हरने 'कोणालाच नाही' असं लिहिलं, तर नाव लिहिल्याशिवाय सोडणार नाही म्हणून अडून बसले. मग त्याने समोरच्या गार्डच्या छातीवरची पट्टी वाचून तेच नाव लिहिलं, आणि गाडी आत गेली.

इन टाइमच्या रकान्यात गार्डने ३.४० लिहिलं.

मी म्हटलं, "दादा, गाडी सकाळी दहा-वीसला आली आहे. ते कुठेतरी लिहा न."

त्याने खरोखरच रजिस्टर आडवं करून पाहिलं. उगाच वाद घालायचा म्हणून नाही, मनापासून शोधलं. मग म्हणाला, "मॅडम, बाहेरच्या टाइमचा रकानाच नाई."

पोचपावती घेऊनच या, असं शेठजींनी बजावलं होतं, म्हणून मी टपरीच्या बाकावर बसून राहिले. समोर सात-आठ गाड्या. एक ड्रायव्हर स्टेपनीच्या सावलीत झोपला होता. एक जण टाकीतल्या पाण्याने बनियन धूत होता, आणि धुऊन त्याने ती ताडपत्रीच्या दोरीवर वाळत घातली. वाळायला वेळ लागेल याची त्याला खात्री असावी. तेव्हाचा १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तास काम म्हणायचा. तो बनियन धुणारा माणूस आता कामावर होता की सुट्टीवर, ते त्या कायद्यातही सापडलं असतं असं वाटत नाही.

सहाच्या सुमारास गार्ड चहाला आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याचेही बूट कंपनीचेच, एकाचा तळवा सुटून हसत होता. मी सकाळपासूनच्या रागात होते, पण समोर बसलेल्या माणसावर किती वेळ रागावणार? विचारलं, किती तासांची ड्यूटी? बारा. गाव? भिवापूरकडचं. मिरचीची तोडणी सुरू झाली की रोज घरून फोन येतो, म्हणाला. मग आपणहूनच म्हणाला, "मागं एक बॅटरी गेली होती मॅडम, आतून. दोघांले काढलं. बॅटरी कोनं नेली ते आजपर्यंत नाई समजलं. पन रजिस्टरात एन्ट्री नव्हती न."

यावर काही बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी कोणाची तरी सायकल गेली, तेव्हा गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही सही केल्याशिवाय सोडायचं नाही असा ठराव झाला होता. हात वर करणाऱ्यांत मी होते.

आठ वाजता उस्तादांची गाडी रिकामी होऊन गेटवर आली. पोचपावतीवर सही-शिक्का होता, ओला. मी केबिनमध्ये चढून बसले. गार्डने टॉर्च घेतला, हौदा पाहिला, टूलबॉक्स उघडून पाहिला, चाकांमध्ये वाकून पाहिलं. मग केबिनमध्ये टॉर्च मारला आणि सीटमागची पिशवी ओढली.

संत्री होती. उस्तादांच्या बहिणीकडची, काटोलची. आंबिया बहाराची शेवटची तोड. मोजली तर चौदा निघाली.

"हे कायची एन्ट्री नाई," गार्ड म्हणाला.

उस्तादांना आधी कळलंच नाही. "माही होय न जी."

"आत येताना लिहिली नाई."

"अरे, संत्रे कोन लिहिते?"

"मंग आतले नाई हे कशावरून?"

तो कारखाना लोखंडाच्या वस्तूंचा. आवारात झाड म्हणावं असं एक अशोकाचं होतं, तेही वाळत आलेलं. हे मी बोलून दाखवलं. गार्ड माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं पाहू लागला, की त्याला हे माझ्याआधीच कळलेलं आहे हे माझ्या लक्षात आलं. पण वर खांबावर कॅमेरा होता, खाली रजिस्टर होतं, आणि दोन्हींच्या मध्ये न लिहिलेली चौदा संत्री. आत ठेवायची तर आतल्या कोणाच्या नावावर ठेवणार? बाहेर सोडायची तर आवक नसताना जावक कशी दाखवणार? त्याने वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी उचलला नाही.

तोडगा उस्तादांनी काढला. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, पायरीवर बसले आणि पहिलं संत्रं सोलायला घेतलं. "खाऊन टाकू. पोटाची एन्ट्री आहे का तुह्या रजिस्टरात?"

नव्हती. क्लीनरने दोन घेतली, मी दोन. दुसऱ्या गार्डला बोलावलं, तो लाजत एक घेऊन खांबाआड गेला. आमचा गार्ड आधी नको म्हणाला, मग कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने तीन खाल्ली. साल पातळ होती. फोड तोंडात टाकली की आधी आंबट लागायची आणि मग दाताला थंड गोडवा यायचा. टपरी बंद करून चाललेल्या काकू बूट मागायला आल्या, त्यांच्याही हातात दोन गेली. उस्तादांनी बूट काढून दिले, पेपरचे बोळे बाहेर काढले आणि साली त्याच कागदात बांधल्या. काकूंनी पिशवीतून चप्पल काढून पायाशी ठेवली. मिरचीचा भाव, संत्र्याचा भाव, पोरांची शिक्षणं, सगळं बोलून झालं. मागे एक गाडी बाहेर पडायला उभी होती. तिच्या ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला. उस्तादांनी त्याला खुणेनेच बोलावलं आणि शेवटचं त्याच्या हातावर ठेवलं.

मग गार्डने रुमालाला हात पुसले आणि रजिस्टर उघडलं. शेरा: गाडी रिकामी, तपासली. कागदावर अंगठ्याचा पिवळा डाग उमटला, तो त्याने बाहीने पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. माझ्या घड्याळात नऊ वाजायला पाच मिनिटं होती. आउट टाइमच्या रकान्यात त्याने ८.१० लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही.