चार प्रश्नचिन्हे

अंतिम वर्षाच्या मुलांनी रोजच्या वापरातला एखादा मुक्तस्रोत प्रोग्राम निदान एकदा तरी मूळ कोडपासून स्वतः कंपाइल करून, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधून, पाहावा, असा माझा आग्रह असतो आणि नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी मी नोटपॅड++ हा टेक्स्ट एडिटर निवडतो. डॉन हो यांनी 2003 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला हा एडिटर सी++ मध्ये लिहिलेला आहे. मजकूर दाखवण्याचे आणि संपादनाचे खरे काम मात्र सिंटिला नावाचा वेगळा घटक करतो. त्यामुळे आधी सिंटिला, मग कोडमधले शब्द ओळखून त्यांना रंग देणारा लेक्सिला आणि शेवटी या दोहोंना जोडून नोटपॅड++, असा बांधणीचा क्रम मुलांना डोळ्यांसमोर दिसतो. ही बांधणी एरवी व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या साधनात करतात, पण त्याचे काही जीबींचे डाउनलोड प्रत्येक संगणकावर उतरवणे आमच्या इंटरनेटला झेपणारे नाही. म्हणून जीसीसी या मुक्तस्रोत कंपायलरची विंडोजवर चालणारी आवृत्ती, म्हणजे मिंगडब्ल्यू, आणि एडिटरचा कोड मी पेन ड्राइव्हवरून देतो. दोन्ही फोल्डर थेट सी ड्राइव्हवर ठेवायचे, नावात रिकामी जागा येऊ द्यायची नाही (फाइली क्रमाने कंपाइल करवून घेणाऱ्या मेक या प्रोग्रामला ती पचत नाही), मिंगडब्ल्यूचा बिन फोल्डर पाथमध्ये, म्हणजे विंडोज जिथे प्रोग्राम शोधते त्या यादीत, जोडायचा आणि कमांड प्रॉम्प्टवर मेक चालवायचे, एवढीच कृती असते.

ज्या दिवसाविषयी लिहितो आहे, त्या दिवशी सगळ्या पडद्यांवर सिंटिलाच्या फाइलींची नावे भराभर सरकत असताना वसमतहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप पहिल्याच फाइलला अडला. तात्पुरती फाइल तयार करता येत नाही, दिलेला आर्ग्युमेंट (कामासाठी पुरवलेली माहिती, इथे फाइलीचा पत्ता) अवैध आहे, एवढाच इंग्रजी संदेश येऊन मेक थांबत होते. पेन ड्राइव्ह तोच, कोड तोच, विंडोजही तीच. "सर, फोल्डर तर सी मध्येच आहे, नावात जागा पण नाही," असे ती म्हणाली आणि ते खरेच होते.

अशा वेळी सर्वांचे बोट प्रथम अँटिव्हायरसकडे जाते. तो काही वेळ बंद करून पाहिला, डिस्कवर जागा किती आहे ते पाहिले, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला. संदेशात काडीचाही फरक पडला नाही. मग तिला मी नोटपॅड++ बाजूला ठेवून तीन ओळींचा सी प्रोग्राम लिहायला लावला. तोही त्याच संदेशाने अडला. याचा अर्थ एडिटरच्या कोडचा या प्रकाराशी संबंध नव्हता. दुखणे कंपायलर आणि तो लॅपटॉप यांच्यामध्येच कुठेतरी होते.

आता संदेश सावकाश वाचला. कंपायलर ज्या फोल्डरात तात्पुरती फाइल लिहू पाहत होता त्याचा पत्ता त्यात दिलेला होता: सी ड्राइव्ह, यूजर्स, मग ????, आणि पुढे अ‍ॅपडेटा, लोकल, टेम्प. कंपायलरने काही विचित्र छापले असेल म्हणून मुलांची नजर त्या चार चिन्हांवरून घसरून जात होती. मी तिला एक्सप्लोररमध्ये यूजर्स फोल्डर उघडायला सांगितले. तिथे स्वच्छ देवनागरीत लिहिले होते: कृषी. लॅपटॉप मुळात तिच्या वडिलांच्या कृषी सेवा केंद्रासाठी घेतलेला होता, विंडोज मराठीतून बसवली होती आणि खात्याचे नावही मराठीतच दिले होते.

"पण सर, अक्षरं तर दोनच आहेत," मागच्या बाकावरून एकाने शंका काढली. शंका रास्त होती आणि उत्तरही तिच्यातच होते. आपल्या डोळ्याला कृ आणि षी अशी दोन अक्षरे दिसत असली, तरी जगातल्या सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबात ती क, ऋकाराचे चिन्ह, ष आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे होतात. चार चिन्हे, चार प्रश्नचिन्हे. फळ्यावर मांडून दाखवल्यावर वर्गाला पुढचे फारसे सांगावे लागले नाही.

विंडोज फाइलींची नावे युनिकोडमध्येच साठवते. मात्र जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम ती नावे तथाकथित एएनएसआय कोडपेजमधून, म्हणजे ठरावीक भाषांपुरत्या चिन्हांच्या जुन्या तक्त्यातून, मागतात. पश्चिम युरोपीय भाषांसाठी 1252, रशियनसाठी 1251, जपानीसाठी 932 अशी कोडपेजे आहेत. देवनागरी विंडोज 2000 मध्ये आली ती थेट युनिकोडमधून, त्यामुळे तिच्या वाट्याला असे कोडपेज कधी आलेच नाही. परिणामी रशियन विंडोजवर रशियन नावाचे खाते या जुन्या वाटेने निभावून जाते, पण विंडोज मराठीतून बसवली तरी मराठी नावाचे खाते निभत नाही. ज्या चिन्हाला जागा नाही त्याचे प्रश्नचिन्ह होते. त्यातच विंडोजमध्ये फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणून "फोल्डर सापडत नाही" असे सरळ न सांगता आर्ग्युमेंट अवैध ठरवला जातो. आमच्या पेन ड्राइव्हवरची जीसीसी जुनी होती. विंडोज 10 च्या 2019 मधल्या 1903 या आवृत्तीपासून प्रोग्रामला आपले कोडपेज यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) असल्याचे जाहीर करता येते आणि जीसीसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी ती सोय घेतली आहे.

नवे इंग्रजी नावाचे खाते उघडावे, असा सल्ला वर्गातल्या दोघातिघांनी लगेच दिला. तो मला पटला नाही. दुकानाची बिले आणि खतांच्या साठ्याच्या नोंदी त्याच खात्यात होत्या. शिवाय कंट्रोल पॅनेलमधून खात्याचे नाव बदलले तरी यूजर्समधल्या फोल्डरचे नाव आहे तेच राहते, ही गोष्ट सल्ला देणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते. आणि कंपायलरच्या सोयीसाठी माणसाने आपल्या दुकानाचे नाव का बदलावे? विंडोज तात्पुरत्या फाइलींची जागा प्रथम टीएमपी आणि मग टेम्प या चलांमध्ये, म्हणजे विंडोजने नावानिशी जपलेल्या नोंदींमध्ये, शोधते. म्हणून सी ड्राइव्हवर टीएमपी नावाचा रिकामा फोल्डर करून, त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट कमांडने दोन्ही चलांना त्याचा पत्ता दिला आणि मेक पुन्हा चालवले. हा बदल ती खिडकी बंद करेपर्यंतच टिकतो, त्यामुळे दुकानाच्या कामाला धक्का लागण्याचे कारण नव्हते. सिंटिलाची पहिली फाइल सुटली, दुसरी सुटली, आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला.

दरम्यान वीज गेली. बाकीचे संगणक बंद पडले, तिचा लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालत राहिला, यावरून व्हायची ती थट्टा झालीच. वीज आल्यावर मेकने झालेल्या फाइली सोडून पुढून सुरुवात केली, पण एका संगणकावर जोडणीच्या टप्प्यात कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरने एक ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे असा एक तुकडा, ओळखायचे नाकारले. लिहिता लिहिता वीज गेल्याने ती शून्य बाइटची राहिली होती आणि केवळ तिची वेळ ताजी दिसते म्हणून मेक तिला पूर्ण समजत होते. ती पुसून टाकल्यावर काम पुढे सरकले.

तिचा नोटपॅड++ तयार झाल्यावर तिने स्वतः बांधलेल्या त्या एडिटरमध्ये सगळ्यात आधी वडिलांच्या खात्यातली 'खत साठा' नावाची फाइल उघडली. ती विनातक्रार उघडली, कारण नोटपॅड++ विंडोजला युनिकोडमधूनच नावे विचारतो. मग कोडबरोबर येणारी मराठी अनुवादाची एक्सएमएल फाइल एडिटरच्या फोल्डरात योग्य नावाने ठेवून तिने मेनूही मराठीत करून घेतले. टीएमपी आणि टेम्प बदलण्याच्या दोन ओळी मी प्रात्यक्षिकाच्या पत्रकात घातल्या असून पेन ड्राइव्हवर आता नवी जीसीसी आहे.