साइड बेंड बंद, सूटकेस कॅरी चालू

यावेळची नोंद जवळजवळ सगळी कुशीच्या स्नायूंची, म्हणजे ऑब्लिक्सची आहे. पुढच्या पोटाचं फार सांगण्यासारखं नाही. केबल क्रंच (केबल मशीनचं वजन ओढत पोट आकसून पुढे वाकणं) चालू आहे, तीन सेट, प्रत्येकी १० ते १५ वेळा (रेप्स), आणि जमेल तसं वजन वाढवतोय. दोनशे-दोनशे क्रंच मोजत पडून राहण्यात मला रस नाही. छातीला वजन लागतं तसं पोटालाही लागतं.

आता कुशी. आमच्या जिममध्ये अजूनही बरेच जण दोन्ही हातांत डंबेल धरून साइड बेंड मारतात. डावीकडे वाकलं की उजव्या हातातलं डंबेल तोल सांभाळायला हजरच असतं, मग कुशीवर भार येणार कुठून? एक डंबेल खाली ठेवून बघा. वजन उजव्या हातात असेल तर डावी कूस ओढली जाते, ते लगेच कळतं.

मी मात्र साइड बेंड सोडूनच दिले आणि सूटकेस कॅरी धरली. एका हातात केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा), दुसरा हात मोकळा, आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ चालायचं. १६ किलोपासून सुरुवात केली, आता २४ वर आहे. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घालून आरशाकडे चालत जा. पट्टे तिरके दिसले की वजन झेपत नाहीये असं समजायचं. उलट्या बाजूला कलून तोल साधणं ही तर सर्रास चालणारी चोरी आहे, आणि पट्टे तीही पकडतात. माझी डावी कूस कच्ची आहे, म्हणून पहिली फेरी उजव्या हातात वजन घेऊन.

साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन एका कोपरावर शरीर सरळ तोलून धरणं, १०-१० सेकंदांचे, मध्ये थोडा दम घेऊन. कण्याचे कॅनेडियन अभ्यासक स्टुअर्ट मॅगिल यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांत (कर्ल-अप, साइड प्लँक, बर्ड डॉग) असेच छोटे होल्ड आहेत. कंबर लोंबकळत ठेवून दोन मिनिटं काढण्यापेक्षा हे बरं.

पॅलॉफ प्रेस दिसायला अगदीच फुसका. केबल छातीच्या उंचीवर, आपण केबलकडे कूस करून उभे, हँडल छातीपासून सरळ पुढे ढकलायचं आणि धड वळू द्यायचं नाही. केबल डावीकडे असेल तर ती आपल्याला डावीकडे फिरवायला बघते. तिला अडवायला उजवा आतला आणि डावा बाहेरचा ऑब्लिक जोडीने लागतात. हात पूर्ण लांब केले की पोटात जी थरथर सुटते ती बघण्यासारखी असते.

यातलं कशानंही कंबरेवरची चरबी उतरत नाही, तो जेवणाचा प्रश्न आहे. माझ्या टेपवर आकडा जिथल्या तिथेच आहे.

अडलंय ते हँगिंग लेग रेजवर, म्हणजे बारला लटकून पाय वर उचलण्यावर. नुसते पाय उचलले तर बरंचसं काम मांडीच्या सांध्यापुढचे स्नायूच करून टाकतात. माकडहाड पुढे वळवत कंबर वर गुंडाळली तरच पोटाला लागतं. तेवढं जमतंय, पण पोट थकायच्या आधी पकड सुटते. म्हणून सध्या कोपरं टेकवायच्या स्टँडवर गुडघे उचलतोय. आणि २८ किलोची केटलबेल जिममध्ये एकच आहे, संध्याकाळी ती दाराला टेकू म्हणून लावलेली असते. तेव्हा पुढच्या आठवड्यापासून सकाळची बॅच.