फक्त एकदा की नेहमी?

वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ईमेल पत्ता असतो. निळा, अधोरेखित. त्यावर बोट टेकवलं की मेल लिहायची जागा समोर यावी, एवढीच माफक अपेक्षा. समोर येतं ते फोनसोबत आलेलं, आपण कधीही न वापरलेलं मेल ॲप. तेही काय म्हणतं, तर ‘स्वागत आहे, तुमचं खातं जोडा.’ ज्याला मेल करायचा होता तो राहिला बाजूला. माणूस मुकाट्याने मागे येतो, तो पत्ता दाबून धरतो, कॉपी करतो, स्वतःचं नेहमीचं ॲप शोधून उघडतो आणि तिथे पेस्ट करतो. हा द्राविडी प्राणायाम लोक वर्षानुवर्षं करतात. सेटिंग कुठे आहे हे ठाऊक असलेलेही करतात, कारण त्या क्षणी मेल पाठवायची घाई असते आणि मेल गेल्यावर सेटिंगची आठवण कुणाला राहते?

त्या निळ्या पत्त्यामागे ‘मेलटू’ हा शब्द, मग एक कोलन आणि पुढे पत्ता असं दडलेलं असतं. पद्धत जुनी आहे. वेबवरचे पत्ते कसे लिहायचे याचे नियम 1994 साली ठरले, त्यांतच ती आहे. पुढे त्यात विषय आणि मजकूरही आधीच भरून ठेवायची सोय झाली. म्हणून काही दुव्यांवर टिचकी मारली की ‘तक्रार क्रमांक’ वगैरे विषय आयता लिहून येतो. पण या सगळ्यात ॲपचं नाव कुठेच नसतं. मेल कुणाला जायचा एवढंच तो दुवा सांगतो. तो लिहून कोणी घ्यायचा हे फोनने ठरवायचं, म्हणजे खरं तर फोन बनवणाऱ्याने.

अँड्रॉइडने निदान विचारायची रीत ठेवली. फोनमध्ये एकाहून जास्त मेल ॲप असली आणि आधी काही ठरवलेलं नसलं की खालून एक पट्टी वर सरकते. त्यात ॲपची चिन्हं आणि दोन बटणं, ‘फक्त एकदा’ आणि ‘नेहमी’. फोनमधला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. घाईत असलेल्या माणसाला इतकं गंभीर काहीतरी विचारायचं धाडस दुसरं कोणी करत नाही. आणि गंमत बघा, अंगठा आपोआप ‘फक्त एकदा’कडे वळतो. ‘नेहमी’ म्हटलं की कोऱ्या स्टँपपेपरवर सही केल्यासारखं वाटतं. उद्या दुसरं ॲप आवडलं तर? ऑफिसचा मेल वेगळ्या ॲपमधून पाठवायचा असला तर? वास्तविक ते ‘नेहमी’ फारसं नेहमीचं नसतंच. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन ते केव्हाही पुसता येतं. फक्त ही गोष्ट त्या पट्टीवर कुठे लिहिलेली नसते. मग माणूस ‘फक्त एकदा’ हेच बटण शंभर वेळा दाबतो आणि आपण कशात अडकलो नाही या समाधानात राहतो.

आयफोनवाल्यांना हा प्रश्नच पडू दिला नव्हता. 2007 साली फोन आला तेव्हापासून मेलचा दुवा दाबला की ॲपलचंच मेल ॲप उघडायचं, विषय संपला. 2016 साली ते ॲप काढून टाकायची मुभा मिळाली, पण नंतर दुवा दाबला तर फोन विचारायचा, ‘काढलेलं ॲप परत आणू का?’ दुसरं ॲप डीफॉल्ट करायची, म्हणजे दुवा दाबला की आपोआप तेच उघडेल असं ठरवायची सोय यायला सप्टेंबर 2020 उजाडावा लागला, आयओएस 14 या आयफोनच्या प्रणालीसोबत. आणि आली ती अशी की फोन बंद करून चालू केला की निवड पुसली जायची आणि पुन्हा ॲपलचंच मेल हजर! थोड्याच दिवसांत 14.0.1 मध्ये ते दुरुस्त झालं. पण तेरा वर्षांनी दिलेली सवलत एका रीस्टार्टमध्ये परत घेतली जावी, याला काय म्हणावं? अजूनही डीफॉल्ट निवडायच्या यादीत सरसकट सगळी ॲप येत नाहीत. ज्या कंपन्यांनी ॲपलकडून त्यासाठी परवानगी घेतली आहे त्यांचीच येतात. डिसेंबर 2024 च्या आयओएस 18.2 पासून मात्र अशा सगळ्या निवडी ‘डीफॉल्ट ॲप्स’ नावाच्या एका पानावर आल्या आहेत, हे बरं झालं. त्याआधी प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये शिरून ती ओळ हुडकावी लागायची.

एवढ्याशा गोष्टीत कंपन्यांचा जीव का अडकतो? शोधयंत्राचं उदाहरण पुरेसं आहे. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून लावलेलं असावं म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं. लोक सेटिंग बदलत नाहीत, यावर लावलेला पैसा आहे तो.

मेल ॲप बदललं की पुढे काय होतं? फारसं काहीच नाही, आणि हेच आधी कोणी सांगत नाही. बहुतेकांचे मेल फोनमध्ये नव्हे, तर सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवेच्या संगणकावर असतात, ते जागचे हलत नाहीत. जुनं ॲप उघडलं तर सगळं तिथेही दिसतं. दोन्हीकडे तेच खातं असल्याने एक मेल आला की फोन दोनदा वाजतो, आधी एक ॲप, मग क्षणभर मागून दुसरं. एकात वाचला की दुसऱ्यातला लाल आकडाही जरा रेंगाळून उतरतो. यावर उपाय सोपा: जुन्याची नोटिफिकेशन बंद करायची. कुठलाही मेल चुकत नाही.

खरी मेख पुढे आहे. ॲप बदललं तरी मेल कोणत्या पत्त्यावरून जाणार हे वेगळंच सेटिंग असतं, आणि नवं ॲप बहुधा पहिल्यांदा जोडलेलं खातं धरून चालतं. कॉलेजात असताना हौसेने घेतलेला, नावापुढे दोन-चार आकडे आणि एखादं विशेषण लावलेला पत्ता त्यात असेल तर बँकेला जाणारा अर्जही त्याच नावाने निघतो. शिवाय तळाची सही. जुन्या ॲपमध्ये नीट लिहिलेलं नाव आणि हुद्दा नव्यात आपोआप येत नाही. त्या जागी काही ॲप स्वतःची जाहिरात चिकटवतात. तेव्हा ॲप बदललं की लगेच ही दोन सेटिंगं बघावीत आणि स्वतःलाच एक मेल पाठवून तो समोरच्याला कसा दिसतो ते पाहावं.

जुनं ॲप मी काढलेलं नाही. चार वर्षांपूर्वीची पावती किंवा कुणीतरी कधीतरी पाठवलेला फोटो हवा असेल तर मी अजून तिथेच जाते. नवं ॲप दिसायला देखणं आहे, पण त्याच्या शोधात गेल्या काही महिन्यांपलीकडचं काही धड सापडत नाही.