किल्ल्यांचा कागद : आमची वाटचाल

ऑफिसांची मेल जपून ठेवायची आणि ती कोणी शोधावी ते ठरवून द्यायचं, हे आमचं आजचं काम. मार्च 2002 मध्ये मी आणि माझे धाकटे दीर, आम्ही दोघांनी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानावरचा पोटमाळा भाड्याने घेतला. खाली केबल आणि कीबोर्ड विकणारे, वर आम्ही. कॉम्प्युटर जुळवून द्यायचे आणि बिघडले की बॅग उचलून ग्राहकाकडे धावायचं. भाऊजींचा हात हार्डवेअरवर, माझा सर्व्हर आणि मेलवर. पहिली तीन वर्षं कशीबशी भाडं काढण्यात गेली.

तेव्हा ऑफिसांतली सगळी मेल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर, आउटलूकच्या पीएसटी फाइलमध्ये साचायची. जुन्या आउटलूकमध्ये ही फाइल 2 जीबीच्या वर गेली की उघडायचीच नाही. फोन यायचा, "ताई, चार वर्षांची मेल गेली हो." मी जाऊन फाइलचं शेपूट कापायचे आणि उरलेली वाचवायचे. कापलेल्या तुकड्यात काय होतं, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

मग 26 जुलै 2005 उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कलिन्यात आमच्या एका निर्यातदार ग्राहकाचं ऑफिस तळमजल्यावर होतं. तिसऱ्या दिवशी आत शिरलो तर सीपीयूंमधून चिखल ओघळत होता. परदेशी ऑर्डरींची सगळी बोलणी मेलवर झालेली, आणि मेल त्या चिखलात. एका मुलाने लॅपटॉप घरी नेला होता, म्हणून आठ महिन्यांची पत्रं तेवढी हाती लागली. परतताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, मेल माणसाच्या टेबलावर ठेवायचीच नाही. दारातून आत-बाहेर होतानाच तिची एक प्रत बाजूला काढायची." आमचा आजचा धंदा त्या वाक्यातून उभा राहिला.

प्रत काढणं फार कठीण नसतं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक ओळ लिहावी लागते, एक्स्चेंज या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जर्नलिंग, म्हणजे प्रत्येक मेलची प्रत काढणं, चालू करावं लागतं. पुढे ती प्रत आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या कोठारात, जाते, तिच्यातल्या शब्दांची सूची होते आणि दहा वर्षांपूर्वीचं बिलसुद्धा काही सेकंदांत सापडतं. ग्राहकाला हे दाखवलं की त्याचे डोळे चमकायचे. आम्हीही त्या वेगावरच माल विकला. 2010 पर्यंत फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, अंधेरी एमआयडीसी मिळून आमची बरीच आर्काइव्ह चालू होती. कोणी काय शोधावं, याचा विचार मात्र आम्ही पुरेसा केला नव्हता.

2011 मध्ये त्याची किंमत कळली. फोर्टमधलं चाळीस माणसांचं ऑफिस. तिथल्या हिशेब विभागाच्या प्रमुखांना जुनी बिलं शोधायची होती. मार्चअखेरची घाई होती, आणि मी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (ऑफिसातल्या सगळ्यांची खाती आणि ग्रुप जिथे नोंदलेले असतात तिथल्या) 'अकाउंट्स' या ग्रुपला अख्ख्या आर्काइव्हमध्ये शोधायची परवानगी देऊन टाकली. त्या ग्रुपमध्ये तेव्हा चारच माणसं होती. दोन महिन्यांनी एका शेअर्ड फोल्डरच्या सोयीसाठी तिथल्या आयटीवाल्या मुलाने 'ऑफिस स्टाफ' हा ग्रुप 'अकाउंट्स'च्या आत घातला. त्याच्या दृष्टीने काम फोल्डरपुरतं होतं. आर्काइव्हच्या दृष्टीने चाळीसही माणसं हिशेब विभागात आली.

डिस्पॅचमधल्या एका बाईंनी सहज म्हणून स्वतःचं नाव शोधलं. मालक आणि त्यांचे सल्लागार यांच्यातली पत्रं समोर आली. कुणाला कमी करायचं त्याची यादी होती, आणि तिसरं नाव त्यांचं होतं. अकरा वर्षांची नोकरी. त्या प्रिंट घेऊन थेट केबिनमध्ये गेल्या. संध्याकाळी मालकांनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. "ताई, आम्ही तुम्हाला पत्रं सांभाळायला दिली होती. तुम्ही ती वाचनालयात मांडलीत."

त्या रात्री चर्चगेटहून गाडीत बसले आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही. मालकांचं नुकसान झालंच होतं. मला जास्त लागल्या त्या बाई. आपली नोकरी जाणार हे माणसाला समोर बसवून सांगायचं असतं. त्यांना ते माझ्या सर्च बॉक्सने सांगितलं. त्या वर्षीचं सर्व्हिसचं पूर्ण बिल आम्ही परत केलं. ग्राहक गेला तो गेलाच.

त्यानंतर आम्ही एक कागद तयार केला. ऑफिसात त्याला किल्ल्यांचा, म्हणजे चाव्यांचा, कागद म्हणतो. कोण, कुणाची मेल, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कशासाठी शोधू शकेल, हे त्यावर मालक स्वतःच्या हाताने भरून सही करतात. कागद हातात येईपर्यंत प्रत्येक माणसाला फक्त स्वतः पाठवलेली आणि स्वतःला आलेली मेल दिसते. परवानगी ग्रुपला द्यायची तर त्या ग्रुपच्या आत दुसरा ग्रुप असता कामा नये. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

"स्वतःची मेल" म्हणजे नक्की कुठली, यातच खरा गुंता आहे. आर्काइव्ह माणूस ओळखत नाही, पत्ता ओळखतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलीचा जुना पत्ता तिच्या खात्याला जोडला नाही, तर तिची स्वतःचीच पत्रं तिला मिळत नाहीत. याच्या उलट प्रकार फार वाईट. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजन्सीत पत्ते नुसत्या पहिल्या नावाने होते. एक मुलगी सोडून गेली, तिच्याच नावाची दुसरी आली, आणि तोच पत्ता हिला मिळाला. पत्त्याबरोबर आधीच्या मुलीची तीन वर्षांची पत्रंही हिच्यासमोर उघडली. आजारपणाची रजा, साहेबांशी झालेली भांडणं, सगळं. आम्हाला हे कळलं ते हिने स्वतः फोन करून सांगितलं म्हणून. "मॅडम, हे मला दिसायला नको ना?" किती सरळ मनाची मुलगी! आता प्रत्येक पत्त्याला आम्ही रुजू झाल्याची तारीख बांधतो, आणि गेलेल्या माणसाचा पत्ता दुसऱ्याला देऊ नका म्हणून हात जोडून सांगतो.

बीसीसीचं, म्हणजे इतरांना न दिसता पाठवलेल्या प्रतीचंही तसंच. जर्नलच्या प्रतीत बाहेरच्या पाकिटावर गुप्त प्रत कुणाला गेली त्यांची नावं असतात. पाठवणाऱ्याला ती दिसली तर हरकत नाही. पत्र ज्याला उघडपणे आलं, त्याला आर्काइव्हमधून ती दिसता कामा नयेत. मी हे प्रत्येक ठिकाणी स्वतः मेल पाठवून तपासते.

मालकांशी सर्वांत जास्त वाद होतो तो "मला सगळं दिसलं पाहिजे" या वाक्यावरून. मी विचारते, तुमच्याकडच्या अंतर्गत तक्रार समितीची मेलसुद्धा? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा त्याच्या कलम 16 मध्ये तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदार बाईची ओळख उघड करायला मनाई करतो. उद्या तक्रार मालकाविरुद्धच आली तर? समितीचा पत्ता आम्ही सगळ्या परवानग्यांच्या बाहेर ठेवतो. बहुतेक मालक ऐकतात. एकांनी ऐकलं नाही, तर ते काम आम्ही घेतलं नाही.

सिस्टीम चालवणाऱ्या ॲडमिनला मेल वाचता येऊ नये, आणि तपासणी करणाऱ्याला सेटिंग बदलता येऊ नये, ही दोन टोकं आम्ही वेगळी ठेवतो. दुसऱ्याच्या मेलमध्ये शोध घ्यायचा असेल तर दोन माणसांचे दोन पासवर्ड लागतात. मेल पुसायचा हक्क शोधण्याच्या हक्काशी जोडत नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि एखादं देणंघेणं सिद्ध करणारा कागद म्हणजे कधीकधी एक मेलच असते. कोर्टाचं काम निघालं तर वकिलांना त्या प्रकरणापुरते पत्ते आणि तारखा उघडून देतो, आणि ठरलेल्या दिवशी ते खातं आपोआप बंद होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली अशी मेल पुरावा म्हणून देताना हॅश मूल्यासह (फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ठसा) प्रमाणपत्र द्यावं लागतं. कुणी, कधी, काय शोधून काढलं, त्याची नोंद साफ असली की ते प्रमाणपत्र देणाऱ्याचा हात थरथरत नाही.

काम सोपवण्याआधीची चाचणी अगदी साधी आहे. शिपायाच्या हुद्द्याचं एक खोटं खातं उघडायचं आणि त्यातून शोधायचं : पगार, इन्क्रिमेंट, राजीनामा, कॉन्फिडेन्शियल. चारही वेळा शून्य आलं पाहिजे. मराठी शब्दांच्या बाबतीत या शून्याने एकदा मला फसवलं होतं. त्या ऑफिसातली मराठी पत्रं युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं साठवायच्या एकाच पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. डोळ्यांना मराठी, पण आत साठलेली अक्षरं वेगळीच, त्यामुळे "पगार" शोधून काही येईना. परवानगी बरोबर आहे म्हणून मी निर्धास्त होते, आणि प्रत्यक्षात शोधच आंधळा होता. तेव्हापासून तोच शब्द मालकांच्या खात्यातूनही शोधते. तिथे सापडला आणि शिपायाच्या खात्यात सापडला नाही, तरच चाचणी पास.

आता आम्ही दादरला आहोत. सहा माणसं आहेत, आणि भाऊजींची मुलगी माझ्या शेजारी बसून लॉग, म्हणजे कुणी काय शोधलं त्याची नोंद, वाचायला शिकते आहे. दर तिमाहीला प्रत्येक ग्राहकाचा शोधांचा लॉग आम्ही छापून मालकांपुढे ठेवतो आणि त्यांनी तो वाचेपर्यंत तिथून उठत नाही. परवा ती म्हणाली, "काकू, या माणसाने एकाच बाईंची मेल चौदा वेळा शोधली आहे." त्याच दुपारी मालकांना फोन केला आणि त्याची परवानगी काढून घ्यायला लावली.

सोमवारी अंधेरीच्या एका कारखान्याचं काम सुरू व्हायचं आहे. 63 कर्मचारी, दोन भागीदार. मशीन पोचलं आहे, वायरिंग झालं आहे. किल्ल्यांच्या कागदावर दोन रकाने अजून रिकामे आहेत, कारण एकाने दुसऱ्याची मेल पाहावी की नाही हे दोघांनी आपसात ठरवलेलं नाही. भाऊजी म्हणाले, चालू तर करून देऊ, नंतर भरतील. मी मशीनची पॉवर केबल माझ्या बॅगेत घालून घरी आणली आहे.